कापड उलटं कर

भरतकामाचे व्हिडिओ मी भरपूर बघते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइल मशीनला टेकवायचा आणि बघत बसायचं. सुई वर येते, खाली जाते, पान झालं, फूल झालं. कापडाची मागची बाजू मात्र त्यात कोणी दाखवत नाही. दोरा कुठून कुठे गेला, मध्ये केवढी उडी मारली, शेवट गाठीने केला की टाक्यांखाली सरकवून, हा सगळा व्यवहार पाठीमागे चाललेला असतो. आळंदजवळच्या एका तांड्यावर जी म्हातारी मला शिकवते, ती पुढची बाजू आधी बघतच नाही. कापड हातात दिलं की तिचा पहिला शब्द ठरलेला. उलटं कर.

तिला मी याडी म्हणते. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई, त्यामुळे अगं-तुगंही आपोआप आलं. ती मला छोरी म्हणते. माझ्या मुलीचं लग्न व्हायची वेळ आलीय, तरी छोरीच.

माझं दुकान ब्लाउज शिवण्याचं. फॉल-पिको, अस्तराचे ब्लाउज, लग्नसराईत आरी वर्क. आमचं आळंद कलबुर्गी जिल्ह्यात. कलबुर्गीहून निघालेला रस्ता आळंद, वागदरी, अक्कलकोट करत सोलापूरला पोचतो, त्यामुळे आमचे डॉक्टर, लग्नाचा बस्ता आणि अस्तराचं कापड निम्मं-निम्मं दोन्हीकडचं. घरात मराठी, बाजारात कन्नड, रिक्षात दखनी. आरी मी सोलापुरात क्लास लावून शिकले. कसूती आईकडून आली, इरकलच्या पदरावर भरायला. म्हणजे सुई हातात धरता येत होती, पोटापुरतं येत होतं. एवढं असताना पन्नाशीच्या आसपास कोणाचं शिष्यत्व पत्करायची काय गरज, असं घरातही विचारून झालं.

झालं असं की तांड्यावरची एक बाई नातीच्या लग्नासाठी कपडे शिवायला आली. बरोबर जुनी कांचळी होती, बंजारा बायका घालतात ती पाठ उघडी असलेली चोळी. ‘असं मशीनवर करून दे,’ म्हणाली. मी कांचळी हातात घेतली आणि ती खालीच ठेववेना. आरशांचं मला अप्रूप नव्हतं, आरसे मीही लावते. त्या आरशांखालचं कापड निराळं होतं. जाड, पण ताठ नाही. दोन-तीन थर एकत्र धरून त्यांवर धावदोऱ्याच्या इतक्या जवळजवळ ओळी घातलेल्या, की ते कापड शिवलेलं न वाटता विणलेलं वाटत होतं. भरतकाम त्याच्यावर चढलेलं. कोणी केलं, विचारलं. ‘माझ्या सासूने. आहे अजून. ये की.’

गेले. तांडा म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. बंजारा, आमच्याकडचे लमाणी, हे मूळचे वाहतूकदार. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारे. १६३२ मध्ये पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला वाटेत बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते, असं त्याच लोकांनी त्याला सांगितल्याचं त्याने लिहून ठेवलंय. मोगलांच्या फौजांना दक्षिणेत धान्य पुरवलं ते याच लोकांनी. एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते आणि रेल्वे आली, बैलांचा धंदा बसला. वर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, त्याच्या कचाट्यात बंजाऱ्यांचे गटही सापडले. मग गावाबाहेर माळावर तांडे वसले. आता तिथल्या लोकांकडे थोडी कोरडवाहू जमीन असते, उरलेल्या दिवसांत पुण्या-मुंबईकडे बांधकामाची नाहीतर ऊसतोडीची वाट.

हा इतिहास भरतकामाला चिकटून आहे. फिरत्या माणसाला भिंत नाही, कपाट नाही, त्यामुळे जे काही सजवायचं ते अंगावर, बैलावर आणि सामानाच्या पिशवीवर. पुढच्या बैलाच्या शिंगांना भरलेल्या खोळी, कपाळाला आरशांची पट्टी. डोक्यावर घागर ठेवायची चुंबळसुद्धा भरलेली, तिला मागे लोंबणारा पदर, कडेला कवड्या. कवडी एके काळी चलन होती, हे ध्यानात ठेवलं तर त्या कडेकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. आणि कापड जाड का, तेही कळतं. पिशवी बैलाच्या पाठीवर घासली जाणार, चुंबळीवर भरल्या घागरीचं वजन येणार. नुसत्या पातळ कापडावर आरसे आणि कवड्या लावल्या तर चार दिवसांत कापड ओढलं जाऊन फाटेल. आधी थर घालून, धावदोऱ्याने बांधून जमीन तयार करायची आणि मग तिच्यावर वजन चढवायचं. गोधडीचंच तत्त्व. आमच्याकडे वाकळ शिवणाऱ्या बायकांना हे सांगितलं की त्या म्हणतात, त्यात काय नवीन. खरंय त्यांचं.

याडीची सुरुवातही तिथूनच. तिला पॉपलिन चालत नाही, टेरिकॉट तर ती हातानेच बाजूला सारते. मांजरपाट हवा, आणि तोही धुऊन खळ काढलेला. कोऱ्या कापडावर काम केलं तर पहिल्या धुण्यात कापड आटतं आणि दोरा आटत नाही. टाके सैल पडतात, कापडाला फुगे येतात. शिवाय मांजरपाटाचे आडवे-उभे धागे मोजता येतात. याडी कापडावर काहीच काढत नाही. खडू नाही, पेन्सिल नाही, ट्रेसिंग तर नाहीच. सुईच्या टोकाने धागे मोजते, ओठ हलतात, टाका पडतो. आत घालायला जुनं धोतर नाहीतर विरलेलं लुगडं, कारण जुनं कापड मऊ आणि पुरतं आटलेलं असतं. मग धावदोरा.

आणि नंतरही धावदोराच. मी आरीवर मोर काढणारी बाई, मला तिने पाऊसकाळभर सरळ रेघा घालायला लावल्या. शिकवते म्हणावं तर शिकवतही नव्हती. शेंगा सोलत शेजारी बसायची आणि मधूनच हात पुढे करायची. कापड उलटायचं. त्यावरून बोट फिरवायचं, बघायचं नाही, फक्त फिरवायचं. चुण्या लागल्या तर ओढ जास्त झाली. टाक्याखाली नख शिरलं तर ओढ कमी. रेघ वाकडी असली तर ती चालवून घ्यायची, ओढ बिघडली की चालवून घ्यायची नाही. वाकडी रेघ पुढच्या रेघेत सावरता येते. ओढ बिघडलेली पट्टी कायमची बिघडते, तिच्यावर पुढे काहीही चढवलं तरी. हे मी तुम्हाला वाक्यात सांगतेय. तिने कधी वाक्यात सांगितलं नाही. ती फक्त दोरा कापायची आणि कापड परत द्यायची.

क्लासमध्ये असं होत नाही. मी लावलेल्या क्लासला वही होती, नमुने होते, आठवड्याला नवा टाका होता, शेवटी प्रमाणपत्र. त्यात गैर काही नाही, त्याच प्रमाणपत्राच्या जोरावर मला गिऱ्हाईक मिळालं. क्लासला ठरलेल्या मुदतीत सगळ्यांना काहीतरी येतंय हे दाखवायचं असतं, त्यामुळे ते पुढच्या बाजूने शिकवतात. याडीला कोणाला काही दाखवायचं नाही. तिला वेळही भरपूर आहे, आणि तिच्या वेळेची किंमत आजवर कोणी विचारली नाही. त्याकडे पुढे येतेच.

सगळ्यात जास्त मी शिकले ते उसवताना. तिच्याकडे एक फाटकी कोथळी होती, पैसे-सुपारी ठेवायची लहान पिशवी. कोपरे गेलेले, निम्मे आरसे पडलेले. ती माझ्या पुढ्यात टाकून म्हणाली, उसव. मला जिवावर आलं. पण उसवताना काम उलट्या क्रमाने उलगडत जातं. शेवटी घातलेला टाका आधी सुटतो, त्याखाली त्याच्या आधीचा दिसतो. चौकट आधी आणि मधली घरं नंतर भरली होती, हे मला तिथे कळलं. एका रंगाचा दोरा संपवून दुसरा घेतला नव्हता, तीन सुया तीन रंगांच्या एकदम चालू होत्या, हेही. आणि मागच्या बाजूचा रंग! पुढून ती कोथळी विटकरी-राखी दिसत होती. मागे, जिथे ऊन लागलं नव्हतं, तिथे लाल अजून लाल आणि निळा निळाच. जुन्या वस्त्रांचा अभ्यास करणारी संग्रहालयातली माणसंही मूळ रंग शोधायला कापड उलटंच करतात. पूर्वी दख्खनमध्ये लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून करत, निळा निळीपासून. याडीच्या आठवणीत मात्र रंग बाजारातूनच येतो. आता तर अँकरच्या सहा पदरी लड्या, मी सोलापूरहून आणते, ती त्यातले पदर सोडवून हवे तेवढेच घेते.

पाठ बघायची सवय लागल्यावर टाक्यांचा हिशेब कळायला लागला. साटिनसारखा भरीव टाका घ्या. जेवढा दोरा पुढे, तेवढाच मागे. याडीला तो आवडत नाही, अर्धा दोरा पाठीला कशाला घालवायचा, असा तिचा रोकडा सवाल. उलट फुल्याफुल्यांचा तिरपा टाका, ज्याला शिवणाच्या पुस्तकात हेरिंगबोन म्हणतात, तो बघा. पुढे मोठ्या फुल्या दिसतात आणि मागे फक्त बारीक टिंबांच्या दोन समांतर ओळी. जवळजवळ सगळा दोरा पुढे वापरला गेला. साखळी टाक्याचंही तसंच, पुढे कड्या, मागे एकच रेघ. ज्या घरात दोरा विकत घ्यावा लागायचा, तिथे हे टाके का टिकले असतील, याचा अंदाज येतो. हा माझा तर्क आहे, पण उसवून पाहिल्यावर मला दुसरं कारण दिसत नाही.

आईची कसूती याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिच्यातला गवंती टाका दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे. जाताना एक सोडून एक घर भरायचं, परतताना उरलेली घरं. गाठ मारायची नाही, म्हणजे कापडाला उलटी बाजूच उरत नाही. मुरगी, नेयगी आणि मेंथी हे तिचे बाकीचे टाके. धारवाड-हुबळीकडे कसूती शिकवण्याच्या संस्था आहेत, तिला भौगोलिक मानांकनही आहे. ती घरात बसून करायची कला, तुळशी वृंदावन आणि देवळाचं गोपूर काढणारी. मला दोन्ही येतात म्हणून सांगते, कसूतीने मला नेमकेपणा दिला आणि याडीने ओढ.

आरशाचा धडा बराच उशिरा आला. आरशाला भोक नसतं, त्यामुळे तो सुईने शिवता येत नाही, कैद करावा लागतो. आधी त्याच्यावरून आडवे दोन आणि उभे दोन दोरे घट्ट ताणायचे, मधोमध चौकोन राहतो. मग प्रत्येक टाका त्या दोऱ्यांना वेढा घालून कापडात उतरवायचा, गोल फिरत. दोऱ्यांचा चौकोन ओढला जाऊन गोल होतो आणि आरशाभोवती कडं बसतं. चार दोरे सैल पडले तर आरसा डुगडुगतो. फार घट्ट झाले तर वेढा घालायला सुई शिरत नाही. यासाठी लागणारे पातळ काचेचे आरसे पूर्वापार गुजरातेत कपडवंजला होतात. आता बाजारात प्लास्टिकचे मिळतात, हलके, कडा न कापणारे. याडीची सून तेच वापरते. याडी काच वापरते, कडा दगडावर घासून. यावर दोघींचं पटत नाही. मी त्यात पडत नाही, पण माझ्या कापडावर काच आहे.

आपल्याकडे लमाणी भरतकामाचं नाव झालं ते संडूरमुळे. बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरला ‘संडूर कुशल कला केंद्र’ आहे. तिथल्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची बैठक झाली तेव्हा तिथल्या साडेचारशेहून अधिक बायकांनी केलेल्या १,७५५ वस्तू मांडल्या गेल्या आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. त्या केंद्राने टाक्यांची नावंही नोंदवून घेतली आहेत, चौदा: किलन, वेले, बक्क्या, माकी, सूर्यकांती माकी, कंस, तेरा डोरा, कौडी, रेलो, गदरी, भुरिया, पोटे, जोल्या, नक्रा. मी यादी याडीला वाचून दाखवली. काही नावांना तिने मान डोलावली, काहींना वेगळं नाव सांगितलं, एका नावावर ती आणि शेजारीण हसत सुटल्या आणि का हसताय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

संडूरचं मानांकन संडूरचं आहे. आळंदच्या तांड्यावरचं काम त्या नावाने विकता येत नाही, येऊही नये. पण त्यामुळे आमच्याकडच्या कामाला बाजारात नाव नाही, आणि नाव नसलेल्या कामाला भाव नाही. सरकारच्या हस्तशिल्प विभागाकडे उस्तादांसाठी ‘शिल्पगुरू’ पुरस्कार आहे, २००२ पासून. उस्तादाने शिष्यांना शिकवावं म्हणून गुरु-शिष्य प्रशिक्षणाची योजनाही आहे. त्यासाठी आधी कारागिराचं ओळखपत्र हवं, त्यासाठी कागद हवेत. इथे अडतं. तांड्यावरच्या घरांचा कागद हीच आमच्या भागात नवी गोष्ट आहे. कलबुर्गी, यादगीर, रायचूर, बीदर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतल्या ५०,००० हून जास्त कुटुंबांना राहत्या जागेची हक्कपत्रं दिली गेली ती जानेवारी २०२३ मध्ये, मळखेडच्या कार्यक्रमात. त्याच वर्षी आलेल्या विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, म्हणजे मी आहे. भरतकाम करणारी नाही, म्हणजे याडी नाही. तिच्याकडे शिकणारी मी कारागीर, आणि ती कोण, तर घरकाम करणारी.

आळंदला गुरूंचं वावडं नाही. तुकोबांच्या गुरुपरंपरेतल्या राघवचैतन्यांची समाधी इथली मानतात, लाडले मशायखांचा दर्गा इथलाच. सुईच्या गुरूला मात्र गुरू म्हणायची रीत नाही. ‘त्या म्हातारीचा हात चांगला आहे’ एवढ्यावर भागतं. शहरातून कधी कोणी येतं, फोटो काढतं, दोन जुन्या पट्ट्या विकत घेतं आणि जातं. त्याला ते अभ्यास म्हणतात. कच्छमध्ये २००५ साली कला रक्षा विद्यालय निघालं, तिथे उलट रीत ठेवली: शिकायला येणारे परंपरेतलेच कारागीर, आणि सल्ला द्यायला त्यांच्यातलेच बुजुर्ग. आमच्या तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे, २००९ पासून. त्यांनी एखाद्या याडीला वर्गात खुर्चीवर बसवून मानधन द्यावं, असं मला फार वाटतं. खुर्ची नको असेल तर ती खाली बसेल, मानधन तेवढं द्यावं.

मी फी देते. पहिल्यांदा तिने नोटा परत केल्या, सुनेने मागच्या दाराने घेतल्या. मग सरळ बोलले. सोलापूरच्या क्लासला जी फी भरली होती तीच इथे भरणार, हातावर, घरातल्या सगळ्यांसमोर. त्यावर याडीने स्वतःची अट घातली: तिच्या नातीला मी मशीन शिकवायची, फुकट. मान्य केलं. पोरगी हुशार आहे, बाहीची कटिंग एकदा दाखवली की येते. आजीच्या टाक्यांत तिला रस नाही, आणि तो असायलाच हवा असं मला वाटत नाही.

एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय. याडीकडे शिकलेलं काम मी दुकानात विकत नाही. एखादीला ब्लाउजच्या पाठीवर तसं काम हवं असेल तर ऑर्डर तांड्यावर जाते, त्यांच्या दराने, मी फक्त शिवण घेते. मैत्रिणी म्हणतात, मग शिकतेस कशाला? माझ्या आरी वर्कमध्ये फरक पडला तो त्यांना दिसत नाही, कारण तो अस्तराखाली आहे. आता मी आरीखाली पातळ मांजरपाटाचा थर देते, धुतलेला. मणी ओघळत नाहीत, गळ्याजवळ कापड ओढलं जात नाही. गिऱ्हाईक पुढून बघतं, घासाघीस करतं आणि नेतं. दोन वर्षांनी तोच ब्लाउज बाह्या सैल करायला परत येतो तेव्हा मी तो उलटा करून बघते.

सध्या माझ्या हातात एक कोथळी आहे. चौकट झाली, आतली घरं चालू आहेत. मला कांचळी शिकायचीय, ज्या कापडापायी गेले तेच. परवा पुन्हा विचारलं. याडीने कोथळी हातात घेतली, उलटली, एका कोपऱ्यावर बोट फिरवून तिथेच थांबली. एवढा कोपरा काढ, म्हणाली. कांचळीचं तुरीची रास झाल्यावर बघू. यंदा तूर बरी आहे, म्हणजे रास लांबणार.